पोवाड्यातला राजा कसा वाचावा

नाशिकमध्ये मराठी शिकवताना पेशवाईतल्या शाहिरांचे पोवाडे मुलांसोबत अनेकदा वाचले. त्यातून हाती लागलेल्या या काही गोष्टी.

१. राजा शोधायला साताऱ्याला जाऊ नका. छत्रपतींची गादी तिथे होती, पेशवाईची वस्त्रेही तिथूनच यायची. पण शाहिराचा धनी पुण्यात, शनिवारवाड्यात. ‘श्रीमंत’ म्हटले की तो पेशवाच. “सर, मग खरा राजा कोण?” असे मुले हमखास विचारतात. गादी एकीकडे, बिदागी दुसरीकडे, आणि शाहिराचे तोंड बिदागीकडे, एवढे सांगितले की वर्ग हसतो आणि पुढचे आपोआप समजते.

२. राजा बोलतो का, ते पाहा. पेशवे सवाई माधवरावांचा जन्म १७७४चा. मार्च १७९५मध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला तेव्हा त्यांना एकवीस पुरी नव्हती, आणि त्याच ऑक्टोबरात शनिवारवाड्याच्या सज्जातून पडून ते गेले. शाहीर अनंत फंदीने खर्डा गायला, पुढे ‘माधवनिधन’ही रचले. शाहीर प्रभाकराने त्यांचा रंगोत्सव गायला. सरदारांची नावे, हत्ती, रंगाची उधळण, सगळे आहे. पण मधला तरुण पेशवा जवळजवळ गप्पच. कारभार नाना फडणवीसांचा, राजाने फक्त शोभायचे! माझ्या मते पेशवाईची खरी अवस्था बखरींपेक्षा या गप्प राजात जास्त दिसते.

३. स्तुती आणि टोचणी एकाच तोंडची असू शकते. लंडनमध्ये त्याच शतकात राजा दुसऱ्या जॉर्जच्या वाढदिवसाला दरबारचा कवी कॉली सिबर नेमाने स्तोत्रे लिहायचा, आणि अलेक्झांडर पोपने १७३७मध्ये त्याच राजाला खोट्या स्तुतीने सोलून काढले. तिथे कामे वाटलेली होती. आमच्या संगमनेरच्या फंदीने दोन्ही एकट्याने केली. दुसऱ्या बाजीरावाला आधी डोक्यावर घेतले, नंतर त्याच्या कारभाराचे वाभाडे काढले.

४. गाव पाहून मग पोवाडा वाचा. गोदाकाठच्या आनंदवल्लीत पेशवे घराण्यातल्या राघोबादादांच्या कुटुंबाचा वाडा होता. दादा १७८३मध्ये वारले, त्यानंतर त्यांची पत्नी आनंदीबाई आणि मुले नानांच्या नजरेखाली होती. त्यांतलाच एक, दुसरा बाजीराव, पुढे शेवटचा पेशवा झाला. त्याचे राज्य बुडाल्यावर प्रभाकराने केलेला विलाप आनंदवल्ली पाहून आलेल्या मुलांना जरा वेगळाच ऐकू येतो.

५. सगळे शाहीर पुण्याचे धरू नका. परशराम आपल्या सिन्नर तालुक्यातल्या वावीचा शिंपी आणि विठ्ठलाचा भक्त.

६. ज्याच्यावर टीकाच नाही असा राजा एकच, राम. मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीला रामायणामागून रामायण रचत होते, त्याच शतकाच्या अखेरीस पंचवटीत रंगराव ओढेकरांनी काळारामाचे देऊळ उभे केले. माणसांचे धनी बदलत होते, कवी आणि सरदार दोघेही रामाकडे वळले, यात मला नवल वाटत नाही.

७. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी लोकांच्या तोंडचे पोवाडे गोळा करून १८९१मध्ये छापले, म्हणून आज एवढे तरी वाचायला मिळतात. तुमच्या सिन्नर, निफाड, येवल्याच्या घरात माळ्यावर जुने बाड असेल, तर रद्दीत देण्याआधी ते १८४०पासून चालू असलेल्या आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात एकदा नेऊन दाखवा.