इंजिनातील निळे कार्ड

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही आगगाडीने प्रवास केला असेल. गाडीत चढल्यावर आपण खिडकीजवळची जागा शोधतो, सामान नीट ठेवतो. ‘या इंजिनाचे ब्रेक आज कोणी तपासले?’ हा प्रश्न आपल्या मनात येत नाही. तो प्रश्न दुसऱ्या कोणीतरी विचारलेला असतो, म्हणून आपण निर्धास्त बसतो. अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवावे, असा कायदाच आहे. त्या कायद्याची ही माहिती आहे.

पूर्वी आगगाड्या वाफेवर चालत. इंजिनाच्या बॉयलरमध्ये पाणी उकळून वाफ तयार होई. भट्टीच्या वरच्या पत्र्यावर नेहमी पाणी असावे लागे. पाणी कमी झाले की पत्रा तापून नरम पडे आणि वाफेच्या दाबाने फाटे. अशा स्फोटांत ड्रायव्हर व फायरमन यांचे प्राण जात. म्हणून १७ फेब्रुवारी १९११ रोजी अमेरिकेत बॉयलर तपासणीचा कायदा झाला. १९१५ साली तो संपूर्ण इंजिनाला लागू करण्यात आला.

आज तेथे डिझेल व विजेची इंजिने धावतात. त्यांच्या सुरक्षिततेवर ‘फेडरल रेलरोड ॲडमिनिस्ट्रेशन’ हे सरकारी खाते देखरेख करते. वापरातील प्रत्येक इंजिन रोज एकदा तपासलेच पाहिजे, असा नियम आहे. तपासणीनंतर लेखी अहवाल तयार करावा लागतो. त्यात इंजिनाचा क्रमांक, ठिकाण, तारीख, वेळ आणि आढळलेले दोष लिहितात. तपासणारा खाली सही करतो. दोष दुरुस्त करणाऱ्यालाही सही करावी लागते. हा अहवाल किमान ९२ दिवस जपून ठेवावा लागतो. आता तो संगणकावरही ठेवता येतो.

रोजच्या तपासणीखेरीज ठरावीक काळाने मोठी तपासणी होते. अशा दोन तपासण्यांमध्ये ९२ दिवसांहून अधिक अंतर चालत नाही. स्वतःवर लक्ष ठेवणारी संगणकीय यंत्रणा ज्या नव्या इंजिनांत आहे, त्यांना २०१२ च्या नियमांनुसार ही मुदत १८४ दिवसांची आहे. या तपासणीची नोंद एका कार्डावर करतात. कामगार त्याला ‘निळे कार्ड’ म्हणतात. ते कपाटात बंद करून ठेवत नाहीत. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये, सहज दिसेल अशा जागी, पारदर्शक आवरणाखाली लावतात. ज्याचा जीव त्या इंजिनावर अवलंबून आहे, त्याला ते वाचता आले पाहिजे, हा त्यामागील हेतू.

तुम्ही म्हणाल, “एवढी लिखापढी कशासाठी? इंजिन दुरुस्त केले की झाले!” एक प्रसंग ऐका. १६ जून १९९५ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यात गार्डनर्स गावाजवळ एक वाफेचे इंजिन सहलीच्या प्रवाशांना घेऊन जात होते. बॉयलरमधील पाणी फार कमी झाले आणि भट्टीचा पत्रा फाटला. इंजिनातील तीन कर्मचारी भाजले. देखभाल अपुरी होती व कर्मचाऱ्यांना पुरेसे प्रशिक्षण नव्हते, असे चौकशीत आढळले. त्यानंतर १९९९ साली वाफेच्या इंजिनांचे नियम नव्याने करण्यात आले. कामाचे १४७२ दिवस किंवा १५ वर्षे, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेव्हा बॉयलरची संपूर्ण तपासणी करावी लागते. त्यासाठी इंजिन किती दिवस चालले, याचा हिशेब ठेवावाच लागतो. दिवस मोजले नाहीत, तर तपासणीची वेळ कळणार कशी?

पण कागदाला डोळे नसतात. एखाद्याने इंजिन न पाहताच ‘सर्व ठीक’ असे लिहिले, तर? खोटी नोंद ही कोरी जागा सोडण्यापेक्षाही धोक्याची आहे. कोरी जागा पाहून ड्रायव्हर सावध होईल. खोट्या नोंदीवर मात्र तो विश्वास ठेवील. म्हणूनच अमेरिकेच्या कायद्यात जाणूनबुजून खोटी नोंद करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मुलांनो, उर्दूत आपण ‘सही’ म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘बरोबर, खरे’ असा होतो. मराठीत ‘सही’ म्हणजे दस्तखत. शब्द एकच आहे. कागदावर सही करणारा माणूस जणू सांगतो, ‘हे मी स्वतः पाहिले आहे आणि ते खरे आहे.’ उद्या प्रयोगवहीवर किंवा एखाद्या अर्जावर सही करताना या शब्दाचे दोन्ही अर्थ आठवा.

शब्दार्थ
निर्धास्त – बेफिकीर. देखरेख – निगराणी. दोष – खराबी. मुदत – ठरलेला काळ. पारदर्शक – आरपार दिसणारे

स्वाध्याय
१. रोजच्या अहवालात कोणकोणत्या गोष्टी लिहितात?
२. निळे कार्ड केबिनमध्ये का लावतात?
३. खोटी नोंद कोऱ्या जागेपेक्षा धोक्याची का असते? तुमच्या शब्दांत लिहा.
४. उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द या पाठातून शोधा.