पेन्शन किती रुपयांना पडते?

साठीनंतर दरमहा ५,००० रुपये, पोरापुढे हात न पसरता. मागणं एवढंच धरू. वाशीम, रिसोड, कारंज्याकडे घर स्वतःचं असेल तर एकट्या बाईचा किराणा, गॅस, बीपी-शुगरच्या गोळ्या आणि अधूनमधून एखादा आहेर एवढ्यात कसाबसा बसतो. हे ५,००० आजच विकत घ्यायचे झाले तर किंमत वयावर ठरते, आणि ती दरवर्षी चढते.

चाळिशीच्या आत असाल तर अटल पेन्शन योजना स्वस्तात पडते. दरमहा ५,००० च्या पेन्शनसाठी ३५व्या वर्षी हप्ता ९०२ रुपये बसतो, ३९व्या वर्षी १,३१८ आणि ४०व्या वर्षी १,४५४. त्यापुढे दार बंद. पेन्शन तहहयात मिळते, मागे नवऱ्याला तेवढीच चालू राहते आणि दोघांच्या पश्चात वारसाला साडेआठ लाख मिळतात. फक्त खातेदार आयकर भरणारी नसावी. श्रमयोगी मानधन योजनेत ४० व्या वर्षी महिन्याला २०० रुपये भरून ३,००० मिळतात, कारण तेवढेच २०० सरकार घालतं. पण तिथे मागे फक्त जोडीदाराला निम्मी पेन्शन आहे, लेकरांना काही नाही.

चाळिशी ओलांडली असेल तर पेन्शन आयती मिळत नाही, स्वतः बांधावी लागते. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना सध्या ८.२ टक्के व्याज देते आणि ते दर तिमाहीला हातात येतं. महिन्याला ५,००० हवे तर साठाव्या वर्षी साधारण ७ लाख ३२ हजार त्यात ठेवायला हवेत. ४५व्या वर्षी पीपीएफ उघडून १५ वर्षं भरलं, तर ७.१ टक्क्यांनी एवढी रक्कम महिना सुमारे २,३२० रुपयांत जमते. पन्नाशीला सुरुवात केली तर पोस्टाच्या आरडीत ६.७ टक्क्यांनी महिना ४,३०० लागतात. आणि ५५व्या वर्षी? दहा हजारांच्या वर. हे सगळे आकडे आजच्या दरांवरचे आहेत. नव्या खात्यांचे दर सरकार दर तिमाहीला ठरवतं आणि पीपीएफचा दर जुन्या खात्यालाही बदलतो, त्यामुळे थोडं मागेपुढे होणारच.

दुसरी गोष्ट कोणताही एजंट आपण होऊन सांगत नाही. महागाई वर्षाला ५ टक्के धरली तर १५ वर्षांनंतरच्या ५,००० मध्ये आजचा २,४०० चा बाजार येईल. म्हणून ५,००० ला मजल न समजता पहिली पायरी समजा, आणि जमेल त्या वर्षी हप्ता शे-दोनशेने वाढवा.

आता आपल्या भागातली अडचण. हप्ता दरमहा, पण पैसा दरमहा येतो कुठे? समजा मंगरूळपीर तालुक्यातली ४६ वर्षांची बाई आहे. दोन एकर सोयाबीन, बांधावर तुरीच्या ओळी, घरी शिलाई मशीन. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनचा हर्रास होतो, अडत्या पट्टी देतो. त्यातून हमाली-तोलाई कापलेली असते, मग कृषी केंद्राची उधारी, मग बचत गटाचं कर्ज. उरलेलं पोराच्या फीत जातं. तुरीचे पैसे यायला फेब्रुवारी उजाडतो. मधल्या महिन्यांत ब्लाउज शिवून जे सुटेल ते. अशा बाईला महिन्याची आरडी गळ्यात मारली की चौथ्या महिन्यात हप्ता चुकतो, आणि चुकलेल्या हप्त्यावर दर शंभराला एक रुपया दंड.

तिच्यासाठी पीपीएफ बरं. वर्षाला किमान ५०० भरले की खातं जिवंत राहतं, बाकी पट्टी हातात आली की एकदम भरा. दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरलं तर त्या महिन्याचं व्याज बुडत नाही. अटल पेन्शनलाही सहामाही हप्त्याची सोय आहे. ३९ व्या वर्षी तो ७,७७८ रुपये बसतो. बँकेत फॉर्म भरताना तसं सांगावं लागतं. न सांगितलं तर बहुतेक वेळा मासिकच लावतात.

लाडक्या बहिणीचे १,५०० हे पेन्शन नव्हेत. ते वयाच्या ६५ पर्यंतच आहेत, आणि उद्याचं सरकार काय करील हे कोणी सांगावं? पण येतात तोवर त्यांचं काम करून घेता येतं. पन्नाशीच्या बाईने ते सगळे दहा वर्षं आरडीत टाकले तर अडीच लाखांच्या वर जमतात, आणि ज्येष्ठ नागरिक योजनेत त्यांचं व्याज महिन्याला १,७५० होतं. मुद्दल शाबूत. गंमत बघा, वर्षाचे हे २१,००० झाले आणि ६५ नंतर सरकारी पेन्शन देणाऱ्या श्रावणबाळ योजनेची उत्पन्नमर्यादाही नेमकी २१,००० च आहे. म्हणजे बाईने दहा वर्षं काटकसर करून जे व्याज मिळवलं, तेवढ्यातच तिच्या हक्काची मर्यादा भरून जाते. ही मर्यादा वाढवायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही ज्यांचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत आहे किंवा उत्पन्न खरंच तेवढं कमी आहे, त्यांनी ६५ पूर्ण होताच श्रावणबाळचा अर्ज तहसीलला द्यावा. महिना १,५०० मिळतात. विधवा, परित्यक्ता बायकांना त्याआधी संजय गांधी निराधार योजना आहे. ‘काढून देतो’ म्हणत पैसे मागणारा प्रत्येक तहसीलच्या दारात भेटतो. त्याला देऊ नका.

पतसंस्थेचं तेवढं जपून. बँकेपेक्षा दोन टक्के जास्त व्याज, घरी येऊन पैसे नेणारा ओळखीचा पोरगा, सगळं गोड वाटतं. पण बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक असली तरी, ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. साठीचा आधार म्हणून धरलेली रक्कम तिथे ठेवू नये. तोच पोरगा ‘पॉलिसीतच पेन्शन आहे’ म्हणाला तर एकच विचारा: आज मोडली तर हातात किती येतील? २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन विमा, दोन्ही वर्षाला, बँकेत जरूर घ्या. जीवन विम्यात मात्र पन्नाशीनंतर नव्याने शिरता येत नाही आणि ५५ ला तो संपतो.

काही कामांना जवळपास काहीच लागत नाही, आणि तीच सगळ्यांत जास्त राहून जातात. नवऱ्याच्या खात्याला, पॉलिसीला, पोस्टाच्या पासबुकाला वारस म्हणून तुमचं नाव आहे का, ते बघा. लावायला पैसे लागत नाहीत. बँकेत आता चार नावं देता येतात. सातबारावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून चढवण्यासाठी १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे, अर्ज नवऱ्याने तलाठ्याकडे द्यायचा. (तो कधी देतो, हा घरचा प्रश्न.) मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी चालतं, मुद्रांक लागत नाही, नोंदवायचं तर दुय्यम निबंधकाकडे १०० रुपये. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका.

पैसे गुंतवून झाले की पोराचा ट्रॅक्टर येतो, किंवा जावयाचं दुकान. ज्येष्ठ नागरिक योजनेतलं खातं पहिल्या वर्षातच मोडलं तर मिळालेलं व्याज परत कापून घेतात. दुसऱ्या वर्षात मोडलं तर दीड टक्का जातो, त्यानंतर एक टक्का. ७ लाख ३२ हजारांवर तो ७,३२० रुपये होतो. हे नुकसान सोसण्यासारखं आहे, मोडून गेलेली पेन्शन नाही. ट्रॅक्टरला बँक कर्ज देते, म्हातारपणाला देत नाही, हे पोराला आधीच सांगून ठेवायला हरकत नाही. खातं उघडायला जाताना आधार, पॅन, दोन फोटो आणि वयाचा दाखला बरोबर ठेवा. किमान रक्कम १,००० आहे, आणि ते पती-पत्नीला जोडीने काढता येतं, पोराबरोबर नाही.