जुन्या पद्मिनीला फायबरचे पार्ट बसवताना माझा हिशेब कुठे चुकला



मागच्या व्हिडिओत आमच्या गाळ्यात उभी असलेली क्रीम रंगाची प्रीमियर पद्मिनी तुम्ही पाहिलीत. त्यानंतर एकच प्रश्न फिरून फिरून आला, "सर, जुन्या गाड्यांना कस्टम पार्ट आणि अ‍ॅक्सेसरीज बसवण्यात मार्जिन किती सुटतं?" व्हिडिओत दोन मिनिटांत उरकण्यासारखं हे उत्तर नाही. म्हणून अशाच एका पद्मिनीचं काम सांगतो. त्यात मी पैसे घालवले, आणि एका माणसाची गाडीही जवळजवळ बिघडवली.

आधी गाडी समजून घ्या. पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११०० डी. वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून ती आपल्या कुर्ल्यात बनवली आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, पुढे सोफ्यासारखी सलग सीट, चारही चाकांना ड्रम ब्रेक. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. पेपरात फोटो आले, लोक हळवे झाले, आणि ज्यांच्या सोसायटीत ताडपत्रीखाली घरची फियाट उभी होती त्यांना ती अचानक आठवली. बोरीवलीत अशा गाड्या तुम्हाला वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये योगीनगरचे एक काका आले. बँकेतून रिटायर झालेले. गाडी वडिलांनी घेतलेली, डिसेंबर १९७४ ची नोंदणी. मुलीचं लग्न होतं आणि तिला याच गाडीतून न्यायचं होतं. मोबाइलवर एक फोटो दाखवला : कुठल्या तरी जुन्या सेदानला पुढे खाली उतरलेला फायबरचा एअर डॅम, बाजूला स्कर्ट, दोन फॉग लॅम्प, क्रोम पट्ट्या. "अरे, अशी करून दे. चांगली उठून दिसली पाहिजे." मी गाडीभोवती एक फेरी मारली आणि तिथल्या तिथे आकडा सांगितला, ४२,००० रुपये, आठ दिवस.

इथेच थांबा. आकडा सांगण्याआधी मी एकदाही टेप लावली नव्हती.

मनातला हिशेब असा होता : फायबरचे पार्ट, दिवे, पट्ट्या, सीट कव्हर मिळून १९,५००. पेंट ८,०००. डेंटरचे चार दिवस, १,२०० रुपये रोजाने ४,८००. एकूण ३२,३००. म्हणजे ९,७०० सुटले. छान!

पार्ट आले. आमच्या डेंटर मामांनी एअर डॅम पुढे धरला आणि हसले. "अहो शेठ, ही गाडी निदान चार वेळा ठोकून सरळ केलेली आहे. डावा फेंडर आणि उजवा फेंडर सख्खे भाऊ नाहीत." मामा बरोबर होते. डावीकडे पार्ट चपखल, उजवीकडे बोटभर फट. या धंद्यात येणाऱ्याने हे पाठ करून ठेवावं, की पन्नास वर्षं जुन्या गाडीला कंपनीचं माप उरलेलं नसतं. पत्रा ठोकला गेलेला असतो, गंजाचा तुकडा कापून नवा लावलेला असतो, दरवाजा बिजागरीवर उतरलेला असतो. फायबरचा पार्ट ज्या साच्यातून निघतो तो साचा दुसऱ्याच एखाद्या गाडीवरून घेतलेला असतो. एकाची चप्पल दुसऱ्याच्या पायात.

आता मी काम कसं करतो ते सांगतो, कारण ही पद्धत त्या उजव्या फेंडरने शिकवली. सगळ्यात आधी दरवाजे, बॉनेट आणि डिकी नीट बसतात का ते बघायचं. दरवाजा उतरलेला असेल तर आधी बिजागरी दुरुस्त, मग बाकीचं. नाहीतर स्कर्ट उतरलेल्या दरवाजाच्या रेषेत बसतो आणि दरवाजा सरळ केला की स्कर्ट वाकडा दिसतो. मग पुठ्ठ्याचा साचा, डावीकडचा वेगळा आणि उजवीकडचा वेगळा. पार्ट आला की प्रायमरही न मारता मास्किंग टेप आणि क्लॅम्पवर गाडीला धरायचा, दहा पावलं मागे जाऊन बघायचा, गिऱ्हाइकाला बोलावून दाखवायचा. कापायचंच असेल तर पार्ट कापायचा, गाडी नाही. पुट्टीने फट भरायचा मोह होतो, पण खड्ड्यात गाडी आपटली की जाड पुट्टीला तडा जातो आणि गिऱ्हाईक तुमच्याच दारात येतं. पेंट सगळ्यात शेवटी. मी आधी पेंट करून मग बसवायला गेलो होतो, त्यामुळे उजवी बाजू घासून पुन्हा रंगवावी लागली. ५,५०० वरचे गेले.

दिव्यांचं थोडक्यात. ५५ वॉटचे दोन फॉग लॅम्प म्हणजे ११० वॉट, १२ व्होल्टला साधारण ९ अ‍ॅम्पिअर. बऱ्याच जुन्या फियाटमध्ये अल्टरनेटर नसतो, डायनामो असतो, आणि सिग्नलला गाडी उभी असताना तो फारसं चार्जिंग देत नाही. हेडलाइटच्या जुन्या वायरला जोड मारून दिवे लावले तर वायर तापते. बॅटरीपासून वेगळी वायर, मध्ये फ्यूज आणि रिले. हे तीनशे-चारशे रुपये वाचवू नका, गाडीला आग लागू शकते.

डेंटरचे चार दिवस धरले होते, लागले अकरा. म्हणजे १३,२००. पेंट १३,५००. माल १९,५००. एकूण ४६,२००. हातात आले ४२,०००. कागदावर तोटा ४,२००.

पण हा खरा तोटा नाही. माझ्या गाळ्याचं भाडं, वीज आणि हेल्परचा पगार मिळून महिन्याला ५२,००० जातात. कामाचे दिवस २६. म्हणजे रोजचे २,०००. गाळ्यात दोन गाड्या उभ्या राहतात, तर एका जागेचे रोज १,०००. काकांची गाडी कामाचे २३ दिवस उभी होती. २३,००० तिथे गेले. एकूण खड्डा २७,२००. बीबीएला कॉस्ट अकाउंटिंगच्या पेपरात हे गणित मी बरोबर सोडवलं होतं. स्वतःच्या गाळ्यात मात्र विसरलो. आणि सगळं ठरल्याप्रमाणे आठ दिवसांत झालं असतं तरी ९,७०० मधून जागेचे ८,००० वजा करा. हातात राहतात १,७००. एवढ्यासाठी कोण धंदा करतो?

म्हणून तुमचा स्वतःचा जागेचा रोजचा आकडा आज काढा. तो माहीत नसेल तर कोटेशन देऊ नका. मी आता तपासणीचे वेगळे पैसे घेतो. गाडी एक दिवस ठेवायची, मापं घ्यायची, मग लेखी कोटेशन. काम दिलं तर ते पैसे बिलातून वजा. काही लोक ऐकून निघून जातात. जाऊ द्यावं.

तरीही पैशांचा भाग मी पचवला. लग्न झालं, गाडी छान दिसली, काकांनी पेढे आणून दिले.

दिवाळीच्या आसपास काका परत आले. भाच्याने त्यांना विंटेज नोंदणीबद्दल सांगितलं होतं. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये यासाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झालेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते, नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं येतात, नोंदणी दहा वर्षांची. अशी गाडी रोज वापरता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि देखभालीसाठी बाहेर काढता येते. काकांना तेवढंच हवं होतं. त्यांच्या गाडीला डिसेंबरमध्ये पन्नास पूर्ण होणार होती. पण नियमात एक अट आहे. गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नको.

"मग हे तुझं फायबर?" काकांनी विचारलं.

काढू, म्हणालो. एअर डॅम आणि स्कर्ट उतरवले आणि मागचं बघून माझं तोंड उतरलं. सेल्फ-टॅपिंग स्क्रूसाठी आम्ही पत्र्याला अठरा भोकं पाडली होती. भोकांच्या कडांना गंजाचा रंग लावला नव्हता. फायबर आणि पत्र्याच्या मध्ये पाणी जायला वाट होती, यायला नव्हती. बोरीवलीचा एक पावसाळा त्यात मुरला होता. सात ठिकाणी पत्रा बोटाने दाबला तर आत जात होता. वडिलांनी पन्नास वर्षं जपलेल्या पत्र्याची ही दशा माझ्या हाताने, आठ महिन्यांत.

काका काही बोलले नाहीत. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

मामांनी सडलेला भाग कापला, त्याच जाडीच्या पत्र्याचे तुकडे जोडले, भोकं वेल्डिंगने बुजवून घासून घेतली, आतून गंजरोधक रंग मारला. ते बिल मी काकांना दिलं नाही. विंटेजचे कागद त्यांचे ते करत आहेत.

त्यानंतर गाळ्यात एक नियम लावला, गाडीत नवीन भोक पाडायचं नाही. आणि मग लक्षात आलं की आपल्या टॅक्सीवाल्यांना हे आधीपासून कळत होतं. दरवर्षी पासिंगला गाडी न्यायची, म्हणून त्यांची सगळी हौस सुटी होणारी. छताला फुलाफुलांचं रेक्झिन, सीट कव्हर, डॅशबोर्डवरची सजावट, चाकांच्या वाट्या. कॅरिअरसुद्धा टपाच्या पन्हळीला क्लॅम्पने धरलेला. पद्मिनीला ती पन्हळ आहे, ती वापरा. फॉग लॅम्पची पट्टी बंपरच्या मूळ बोल्टमध्येच घ्या. आरसा क्लॅम्पचा मिळतो. काढलेला प्रत्येक मूळ पार्ट, अगदी गंजका स्क्रूही, पिशवीत घालून, चिठ्ठी लावून गिऱ्हाइकाला परत द्या. मूळ ग्रिल किंवा क्रोमची पट्टी शोधायला माणूस चोरबाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घालतो, आणि आपण ती भंगारात टाकतो.

कायद्याचंही भान ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा गाडी वेगळी करायला मनाई करतं, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं. नियम मोडून बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुढे लोखंडी बुल बार लावायला २०१७ पासून मनाई आहे. रंग बदलायचा तर आरसी बुकात नोंद हवी, आपल्याकडे ते काम एमएच-४७ च्या बोरीवली आरटीओत. "सगळेच करतात" म्हणणारं गिऱ्हाईक दंड भरताना तुमचंच नाव घेतं.

जॉब कार्डवर मी आता पहिला प्रश्न छापून घेतला आहे : गाडी पहिल्यांदा कोणत्या साली नोंदली? ४५ वर्षांच्या पुढची असेल तर विंटेजचा नियम तोंडी समजावतो आणि सही घेतो. तीन जणांनी त्यानंतर बॉडी किटचा विचार सोडला. त्यातल्या दोघांनी मूळ क्रोम आणि सीटचं काम करून घेतलं. त्यात पेंटचं पुन्हा पुन्हा काम नाही, गाडी चार दिवसांत बाहेर, आणि जागेचा खर्च धरूनही पैसे सुटतात.

काकांची पद्मिनी परवा पुन्हा आली होती. मागच्या काचेचं रबर कडक होऊन पाणी झिरपत होतं. दीड तासाचं काम, बिल १,४०० रुपये. काकांनी पैसे मोजून दिले आणि विचारलं, "भोक नाही ना पाडलंस कुठे?"