पापणीवरची गाठ

कधी कधी सकाळी उठल्यावर पापणी जड वाटते. आरशात पाहिले, तर पापणीच्या कडेला लाल फोड दिसतो. हात लावला की तो दुखतो. मराठीत त्याला रांजणवाडी म्हणतात. उर्दूत तिला गुहांजनी म्हणतात.

पापणीच्या केसांच्या मुळाशी लहान ग्रंथी असतात. त्यांत जंतू शिरले, की पू होतो. हीच रांजणवाडी. बहुतेक वेळा ती आठ-पंधरा दिवसांत बरी होते.

दुसऱ्या प्रकारची गाठ वेगळी असते. पापणीच्या आत तेल तयार करणाऱ्या ग्रंथींची ओळ असते. या तेलामुळे डोळ्यातील पाणी लवकर सुकत नाही. एखाद्या ग्रंथीचे तोंड बंद झाले, तर तेल आत साचते, सूज येते आणि हळूहळू कडक गाठ तयार होते. डॉक्टर तिला ‘कलेझियन’ म्हणतात. ही गाठ सहसा दुखत नाही. पण काही आठवडे, कधी काही महिनेही राहते.

दोन्हींवर पहिला उपाय एकच. हात स्वच्छ धुवा. स्वच्छ कापड कोमट पाण्यात बुडवून पिळा आणि मिटलेल्या डोळ्यावर दहा मिनिटे ठेवा. असे दिवसातून तीन-चार वेळा करा. शेकाने साचलेले तेल पातळ होते व बाहेर येते.

गाठ कधीही दाबून फोडू नका. त्यामुळे जंतू आजूबाजूला पसरतात. लवंग उगाळून किंवा चुना लावू नका. चुन्याने डोळा कायमचा अधू होऊ शकतो. गाठ बरी होईपर्यंत सुरमा, काजळ लावू नका. दुसऱ्याची सुरम्याची सळई कधीच वापरू नका.

महिनाभर शेकूनही गाठ गेली नाही, तर डॉक्टरांकडे जा. ते पापणी उलटून तपासतात. गरज पडल्यास पापणी बधिर करून आतल्या बाजूने लहानसा छेद देतात. पुन्हा पुन्हा त्याच जागी गाठ आली, तर तिचा तुकडा तपासणीसाठी पाठवतात. मात्र पूर्ण पापणी सुजली, ताप आला, डोळा फिरवताना दुखू लागले किंवा अंधूक दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

शेकायला धीर लागतो, दाबायला क्षणही लागत नाही. डोळ्याच्या बाबतीत धीरच धरावा.

शब्दार्थ
ग्रंथी – शरीरात रस किंवा तेल तयार करणारा भाग
बधिर करणे – दुखणे जाणवणार नाही असे करणे
अधू – कमजोर

स्वाध्याय
1. रांजणवाडी व कलेझियन यांतील दोन फरक लिहा.
2. गाठ दाबून का फोडू नये?
3. त्याच दिवशी डॉक्टरांकडे केव्हा जावे?