दंडाचे दोन अर्थ

चार माणसांकडून काम करून घेणे हीही एक विद्याच आहे. कारखान्यातला सुपरवायझर असो, ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम असो की दिंडीचा चालक असो, हुकूम मागून येतो, दृष्टी आधी असते. ‘माणूस मुळातच कामचुकार’ असे ज्याच्या मनाने घेतले, तो पहारा ठेवणार, खाडा मांडणार. मग हाताखालचा माणूसही मुकादम बघेल तेवढेच काम करतो. आणि मुकादम म्हणतो, ‘पाहा, मी म्हणत नव्हतो?’ अहो, बी तुम्हीच पेरले ना!

अमेरिकेतील डग्लस मॅकग्रेगर या प्राध्यापकाने १९६० साली ग्रंथ लिहून हेच मांडले. माणसाला आळशी समजणाऱ्या दृष्टीला त्याने ‘एक्स’ आणि जबाबदारी घेणारा समजणाऱ्या दृष्टीला ‘वाय’ म्हटले. आपणांस इतके दूर जावयास नको. आपल्या नरसीच्या नामदेवरायांच्या घरी गंगाखेडची जनी दळणकांडण करीत होती. त्या घराने तिला नुसते राबणारे हात मानले असते, तर जनाबाईंचे अभंग आपल्याला कोठून मिळते?

आता, वरच्याची दृष्टी ओळखावी कशी? तो गाऱ्हाण्याचे काय करतो, यावरून. ज्ञानोबारायांच्या पालखी सोहळ्यात पाहा. त्याची घडी बसविली हैबतबाबा आरफळकरांनी. ते शिंद्यांच्या पदरचे सरदार होते. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंच करतात आणि सगळे टाळ थांबतात. परंतु एखाद्या दिंडीची तक्रार असली, तर तिचे टाळ वाजतच राहतात. त्याला कोणी बंड म्हणत नाही. चोपदार तेथे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, मगच आरती होते.

संस्कृतात ‘दंड’ म्हणजे काठी, आणि दंड म्हणजे शिक्षाही. चोपदाराच्या हातात पहिला आहे. दुसऱ्याची गरज क्वचितच पडते.

मराठवाड्यातून दरसाल टोळ्या ऊसतोडीला जातात. मुकादमदादांनो, उचल दिली म्हणजे माणूस विकत घेतला, असे नव्हे. एखादा कोयता फडात आला नाही, तर खाडा मांडण्याआधी खोपीपर्यंत जावे. बाईला ताप आहे का, लेकरू आजारी आहे का, विचारावे. कोणी म्हणेल, ‘महाराज, खरेच चुकार असतात हो काही!’ असतात. त्यांचा हिशेब जरूर ठेवा. पण एकाच्या चुकारपणासाठी दहांना चोर ठरवू नका. आधी विचारणे, मग मांडणे, हा क्रम सुटू नये, इतकेच सांगणे.