पपईच्या दोन फोडी

प्रश्न : माझ्या धाकट्या जावेचा दहाव्या आठवड्यात गर्भपात झाला. आदल्या दिवशी मीच तिला पिकलेल्या पपईच्या दोन फोडी दिल्या होत्या. आता ती माझ्याशी बोलत नाही. घरात ‘जाऊ दे, दुसरं होईल’ एवढंच चालू आहे. मी काय करू?

उत्तर : ताई, आधी ते ओझं खाली ठेवा. पिकलेल्या पपईच्या दोन फोडींनी गर्भ पडत नाही. पहिल्या तीन महिन्यांतले साधारण निम्मे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. दिवस गेल्याचं कळलेल्या १०० जणींपैकी १० ते १५ जणींच्या वाट्याला गर्भपात येतो. हे तिलाही सांगा. ती बहुधा स्वतःलाच दोष देत असेल.

‘दुसरं होईल’ मात्र घरात बंद करा. तिला हेच बाळ हवं होतं. माझ्याकडे येणाऱ्या बायका सोनोग्राफीचा तो पुसट फोटो पर्सच्या आतल्या कप्प्यात महिनोन्‌महिने जपतात. तिच्याजवळ बसा, ‘फार वाईट झालं गं’ म्हणा आणि गप्प राहा. बारशा-डोहाळजेवणाला ती गेली नाही तरी चालेल, हे सासूबाईंना थोरली म्हणून तुम्हीच सांगा. आणि दिरांचीही विचारपूस करा, नवऱ्याला कुणी विचारतच नाही.

ती नोकरी करत असेल तर कायद्यानुसार गर्भपातानंतर ६ आठवड्यांची पगारी रजा आहे. डॉक्टरांचा दाखला जोडून अर्ज करा.

ताप किंवा जास्त रक्तस्राव असेल तर लगेच दवाखाना गाठा. झोप, जेवण तुटलं असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं; जगणं नकोसं झालंय असं ती म्हणाली तर त्याच क्षणी फोन लावा, तिला एकटी सोडू नका.