चिकटवलेलं पान

प्रकाशनाच्या दिवशी मुरबाडच्या सभागृहात पहिल्या रांगेतून टाळ्या वाजवणारी मंडळी आठवड्याभराने प्रस्तुत लेखकाच्या ओटीवर येऊन बसली. कोणी चहालाही हात लावेना.

पुस्तक म्हणजे भाताच्या वाणांवर हयात घालवलेल्या एका कृषिशास्त्रज्ञाचं, त्यांच्या अण्णांचं, छोटेखानी चरित्र. थोरल्या मुलाचा राग एकाच पानावर होता. अण्णांनी जमीन गहाण टाकली, सख्ख्या भावाशी अबोला धरला, हे त्यात आलं होतं. "खोटं नाही म्हणत मी. पण छापायचं कशाला?" लेखक विरघळला. शिल्लक प्रतींत त्या मजकुरावर कोरा कागद डकवला. व्हायचं तेच झालं. ज्यांनी पुस्तक उघडलंही नसतं, तेही ते पान उजेडाकडे धरून वाचू लागले.

धाकटी लेक मात्र भांडली नाही. तिने पिशवीतून एक वही काढली. अण्णा रोज सकाळी साडेआठला परसातल्या पर्जन्यमापकाची नोंद घेत, असं पुस्तकात कौतुकाने लिहिलेलं. वहीतलं अक्षर आईचं होतं! अण्णा नोकरीच्या गावी, आणि आषाढात एका हाताने छत्री सावरत मापात पाणी ओतून मिलिमीटर लिहिणारी ती. एका पानावर आकड्याशेजारीच 'दळण' असंही टिपलेलं. पुस्तकातली खरी चूक ही, आणि भावांपैकी एकालाही ती खुपली नव्हती.

डकवाडकवी फक्त मुरबाडात होते असं नाही. चार्ल्स डार्विनने १८७६ मध्ये मुलानातवंडांसाठी आत्मवृत्त लिहिलं. १८८७ मध्ये मुलगा फ्रान्सिसने ते छापलं, तेव्हा धर्मावरची काही कडक वाक्यं आई एमाला सलत होती, म्हणून गाळली. काही माणसांबद्दलचे शेरेही गेले. ते सगळं परत आणलं ते नात नोरा बार्लो हिने, १९५८ साली. म्हणजे तब्बल ७१ वर्षांनी, आणि घरातल्याच माणसाने.

याउलट उदाहरण आपल्याकडचं आहे. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून जुन्नरला जाणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेचा आणि तिच्या आसपासच्या लेण्यांचा अर्थ लावणारे दामोदर धर्मानंद कोसंबी पेशाने गणिती. जनुकांमधलं अंतर काढण्याचं त्यांचं १९४४ चं सूत्र पीक-पैदासकारांना आजही ठाऊक असतं. त्याच कोसंबींनी १९५९ मध्ये रीमानच्या गृहीतकाची सिद्धता म्हणून जे छापलं, ते टिकलं नाही. १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून त्यांना बाहेर पडावं लागलं. त्यांची कन्या मीरा कोसंबी स्वतः समाजशास्त्रज्ञ. २०१२ मध्ये त्यांनी वडिलांवरचा ग्रंथ संपादित केला, तो नुसता गौरवग्रंथ नव्हे. वडिलांच्या फारशा माहीत नसलेल्या बाजू आणि अभ्यासकांनी केलेली चिकित्सा त्यांनी एकाच पुस्तकात आणली. १९५९ चं प्रकरण झाकलं असतं, तरी १९४४ च्या सूत्राची उंची काही वाढणार नव्हती.

वडिलांचं चरित्र लिहू द्यायला निघालेल्या घरांना म्हणूनच लेखकाचं सांगणं आहे, की कागद द्या, पण अस्सल घरी ठेवा आणि छायाप्रती द्या. काय दिलं याची यादी दोघांच्या सह्यांनिशी करा. हस्तलिखित छपाईआधी वाचायला मिळेल का, ते पहिल्याच बैठकीत विचारून घ्या. मागाहून रुसण्यात अर्थ नसतो. आणि वाचलंत तर आक्षेपांचे दोन ढीग करा, 'चूक आहे' हा एक आणि 'बोचतं' हा दुसरा. पहिल्याला पुरावा जोडा. दुसरा दोन दिवस बाजूला ठेवा. आईला, काकूला, शेतावरच्या गड्यालाही वाचून दाखवा. कर्तबगार माणसाच्या घरातली निम्मी कामं दुसऱ्याच कोणीतरी केलेली असतात.

दुसऱ्या आवृत्तीत वहीच्या त्या पानाचं छायाचित्र आहे, 'दळण'सकट. गहाणखताचा मजकूरही परत आला. तो वाचून थोरला पुन्हा एकदा ओटीवर आला. जमीन सुटल्याची तारीख असलेला कागद त्याने खिशातून काढला आणि म्हणाला, "छापायचंच तर हेही छापा." तेव्हा आवृत्ती बांधून झाली होती.